अर्जातले जादा रकाने

सकाळी ७.००

नवरात्र चालू आहे. केडगावच्या रेणुकामातेचं दर्शन घेऊन नगरकडे अनवाणी परतणाऱ्या बायका पुणे रस्त्याच्या कडेने चालल्यात. त्यांच्या पलीकडे सुप्याच्या एमआयडीसीत जायला पोरं थांबलीत. पहिल्या पाळीचे लोक कधीच गेले. आता उभे आहेत त्यांतले बरेच जण काम मागायला निघालेत. कंपनीच्या गेटवर नऊला मुलाखत, त्याआधी कागद हातात हवेत. म्हणून केडगावात चहाच्या टपऱ्यांपाठोपाठ माझं झेरॉक्सचं दुकान उघडतं.

पूर्वी मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. आलेले अर्ज लावून ठेवायचे, निवड झालेल्यांची फाइल करायची, हे माझं काम. आज तेच कागद काउंटरच्या अलीकडून बघते. त्यामुळे कुठला कागद कशाला मागतात आणि पुढे त्याचं काय होतं, दोन्ही मला ठाऊक आहे.

पहिलं गिऱ्हाईक भूषणनगरचा एक मुलगा. आयटीआय फिटर. ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी तो पुढे धरतो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, चार फोटो, दोन शेजाऱ्यांचे मोबाइल नंबर.

"काकू, प्रत्येकाच्या तीन-तीन काढा."

"निवड झाली का रे?"

"नाही अजून. वीस जणांना बोलावलंय, पाच घेणार म्हणे."

म्हणजे पंधरा जण रिकाम्या हाताने परत येतील आणि त्यांची घरादाराची माहिती ठेकेदाराच्या पिशवीत राहील. मी त्याला यादीचे दोन भाग करून देते. मुलाखतीला आयटीआयचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, ओळखीपुरतं एक कार्ड आणि फोटो. पीएफच्या खात्याला आधार जोडावंच लागतं, पगारासाठी पासबुकही लागतं. पण ते जॉइनिंगच्या दिवशी. तोवर आधार दाखवायचंच असेल तर मास्क्ड आधार काढून देते. त्यावर बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट निघतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म, जात, पोटजात सगळं छापलेलं असतं. वय दाखवायला पॅनकार्ड पुरतं, शिक्षण दाखवायला गुणपत्रिका.

तो ऐकून घेतो आणि नेमका प्रश्न विचारतो. "आणि बाकीच्यांनी सगळं दिलं, मी नाही दिलं, तर मला कोण घेईल?"

या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. रांगेत उभ्या असलेल्या एकट्या पोराला नकार परवडत नाही. म्हणून मला वाटतं, की माहिती राखण्याचं ओझं देणाऱ्याच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. किती मागायचं याची मर्यादा मागणाऱ्याने पाळली पाहिजे. शेवटी तो सगळ्या झेरॉक्स घेतो, पण दोन पाकिटांत. एक लगेच द्यायचं, दुसरं मागितलं तरच.

सकाळी ८.४५

शाहूनगरची एक मुलगी येते. बी.कॉम. झालीय, टॅली येतं. नगरच्या एका शोरूममध्ये अकाउंटची जागा आहे. जाहिरात मोबाइलवर आलेली: 'अविवाहित मुलींना प्राधान्य.' हिचं लग्न मेमध्ये झालं.

"ताई, बायोडाटात माहेरचंच नाव ठेवू का? आणि मॅरिटल स्टेटसची ओळच काढली तर चालेल?"

"खुशाल काढ. टॅलीला लग्नाचं काय?"

बायोडाटात ती ओळ असलीच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. वडिलांचा व्यवसाय, भावंडं किती, उंची, रंग या ओळी स्थळाच्या पत्रिकेतून नोकरीच्या कागदात कधी शिरल्या कोण जाणे. माझ्याकडे बायोडाटाचा जो नमुना आहे त्यातून त्या मी काढून टाकल्या. नाव, फोन, शिक्षण, अनुभव, येणारी कामं. एक पान पुरतं.

मालकाची भीती मला कळते. मुलगी उद्या दिवस गेले म्हणून रजा मागेल, २६ आठवड्यांची पगारी रजा द्यावी लागेल, हे त्याच्या मनात असतं. पण म्हणून तिला दारातच अडवायचं हे कायद्याला मान्य नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई होती. ती आता वेतन संहितेत आलीय, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही बाईला नोकरीवर घेताना भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय.

आणि २०१७ च्या या कायद्याच्याही आधी, १९९१ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे नीरा माथुर यांचा खटला आला होता. आयुर्विमा महामंडळात त्या प्रोबेशनवर होत्या. नोकरी लागताना भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का, असे रकाने होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर त्यांना कामावरून कमी केलं. कारण काय, तर फॉर्ममध्ये खोटी माहिती भरली. न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि महामंडळाला ते रकानेच काढून टाकायला सांगितलं. खटला एका बाईचा होता, पण फॉर्म बदलला तो तिच्यामागून येणाऱ्या सगळ्यांसाठी.

तरीही जुनी सवय सुटलेली नाही. जून २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली होती, की चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित बायकांना जोडणीच्या कामावर घेणं टाळलं जातं. कंपनीने आरोप नाकारले, पण देशभर त्याची चर्चा झाली. केडगावातल्या मुलीला त्या बातमीत नवीन काही नव्हतं. तिच्यापुढची जाहिरात तर उघडच बोलते.

ती बायोडाटा घेऊन जाते. तोंडी विचारलं तर खोटं बोलू नको, एवढं मी तिला सांगते. "कामाशी संबंध असेल तर सांगते, असं शांतपणे म्हण."

सकाळी १०.१५

आता वेगळीच अडचण. पारनेर तालुक्यातला एक तरुण, एमआयडीसीपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावचा. तो म्हणतो, "मॅडम, बायोडाटात पत्ता लातूरचा टाका. मावशी राहते तिकडं."

"का रे?"

"लोकल म्हटलं की फॉर्मच बाजूला ठेवतात."

हे मी इतक्या पोरांकडून ऐकलंय, की मला त्यात शंका राहिलेली नाही. औद्योगिक वसाहतींच्या आसपास सगळीकडे हीच तक्रार. स्थानिक पोरं एक होतात, युनियन करतात, सुगीला नि जत्रेला दांडी मारतात, काही झालं की गावचा पुढारी गेटवर येतो, असं व्यवस्थापनाचं मत. बाहेरचा मुलगा खोलीवर राहतो, जादा पाळी करतो, उलट बोलत नाही. दुसरीकडे त्याच वसाहतींच्या गेटवर 'भूमिपुत्रांना काम द्या' असे फलक लागतात.

सरकारी धोरण काय? शासनाच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी एकूण ८० टक्के आणि पर्यवेक्षकांच्या जागांवर ५० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, असं राज्याचं जुनं धोरण आहे आणि २००८ मध्ये ते नव्याने काढलं. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. लातूरचाही स्थानिक, पारनेरचाही स्थानिक. त्यामुळे ज्याची जमीन कारखान्याखाली गेली त्याच्याच पोराला टाळूनसुद्धा कागदोपत्री टक्केवारी जमते.

खोटा पत्ता मी टाकत नाही. उद्या आधारवर पारनेर दिसलं की 'खोटी माहिती' म्हणून त्याची आयती नोकरी जाईल, आणि त्या वेळी बाजू घ्यायला कुणी राहणार नाही. मी पत्ताच काढून टाकते. फक्त फोन आणि ईमेल. मुलाखतीला बोलवायला तेवढं बस आहे. कामावर वेळेत पोहोचशील का, हे कंपनीने विचारावं. तो तिचा हक्क आहे. गाव कुठलं, हे निवडीनंतरही विचारता येतं.

या धंद्यात मला कळलेली गोष्ट ही. मालकाची आवडनिवड जाहिरातीत क्वचित छापलेली असते, ती अर्जाच्या रकान्यांत असते. गाव, जात, लग्न, आजार, वडिलांचा धंदा हे रकाने आधी भरून घेतले, की हातातलं कसब तपासण्याआधीच चाळणी होऊन जाते. आणि आपण कशात अडकलो, हे परत गेलेल्याला कधीच कळत नाही.

सकाळी ११.३०

उन्हात सायकल मारत आलेला एक पोरगा चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसतो. नगरमधल्या एका एजन्सीकडे सुरक्षारक्षकाची नोकरी आहे. समाज पारधी. तो हळूच विचारतो, "यात जात येते का?"

सुरक्षारक्षकासाठी ही पडताळणी रास्त आहे. खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५ च्या कायद्यातच ती आहे, कारण दुसऱ्याचं घर नि गोदाम त्याच्या ताब्यात राहणार. हे मी त्याला सांगते. पोलीस बघतात ते त्या माणसावर गुन्हा नोंदलाय का, हे. अख्ख्या समाजाबद्दल कुठलं प्रमाणपत्र निघत नाही.

पण त्याच्या प्रश्नामागे किती वर्षं उभी आहेत ते मला माहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या. त्यांनी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. नगर जिल्ह्यात ज्यांच्या आजोबांनी ती हजेरी दिली अशी घरं आजही आहेत. आडनाव वाचून काउंटरपलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर येणारा बदल कुठल्याही राजपत्राने रद्द होत नाही.

आडनावाचा असर मोजलाही गेलाय. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगवेगळी ठेवली. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त तो अभ्यास आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. शिक्षण तेच, अनुभव तोच, पाकिटावरचं नाव तेवढं वेगळं.

म्हणून माझं म्हणणं आहे, की पहिल्या चाळणीत आडनाव दिसण्याचीही गरज नाही. आपल्याकडे दहावी-बारावीची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला बैठक क्रमांकही दिसू देत नाहीत, कारण नाव कळलं की मन झुकतं हे आपण केव्हाच मान्य केलंय. नोकरीच्या अर्जाला तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

दुपारी १.३०

डबा खाऊन होतो तोच एक जण पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची प्रत काढायला येतो. नोकरीआधीची वैद्यकीय तपासणी. रक्तगट, साखर, डोळे, कान, छातीचा एक्स-रे. क्रेन चालवणार आहे, तेव्हा डोळे नि कान तपासायलाच हवेत. यादीच्या तळाशी मात्र 'एचआयव्ही' लिहिलंय.

मी त्याला थांबवते. नोकरी देण्याची अट म्हणून ही तपासणी करायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंदी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संमतीशिवाय कुणाची ही माहिती तिसऱ्याला सांगताही येत नाही.

या कायद्याच्या वीस वर्षं आधी मुंबई उच्च न्यायालयात एक हंगामी मजूर गेला होता. एका सरकारी महामंडळात तो रोजंदारीवर होता. कायम करण्याच्या वेळी तपासणी झाली. माणूस कामाला धडधाकट, पण एचआयव्ही निघाला, म्हणून यादीतून नाव कमी केलं. तो न्यायालयात गेला, पण आपलं नाव जगजाहीर झालं तर घरच्यांना गावात राहता येणार नाही, हे त्याला कळत होतं. न्यायालयाने त्याला नाव झाकून लढायची मुभा दिली. कागदोपत्री तो 'एमएक्स' झाला, महामंडळ 'झेडवाय' झालं. १९९७ मध्ये निकाल लागला: जो काम करायला सक्षम आहे आणि ज्याच्यापासून इतरांना खराखुरा धोका नाही, त्याला केवळ या कारणाने कामावरून दूर ठेवता येणार नाही.

मला या निकालाबद्दल फार आदर आहे. नाव राखलं गेलं म्हणून त्या माणसाला हक्क मागता आला. खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. मुंबईतल्या त्या मजुराला खासगीपणाची गरज या निकालाच्या वीस वर्षं आधी पोटासाठी पडली होती. खासगीपणा शिकल्यासवरल्यांची, मोबाइलवाल्यांची चैन आहे असं कुणी म्हटलं की मी त्याची गोष्ट सांगते.

दुपारी ३.००

ठेकेदाराचा सुपरवायझर अर्जांचा गठ्ठा घेऊन येतो. "मॅडम, सगळे स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये द्या." त्यातले निवडलेले थोडे, बाकीचे नाकारलेले.

माणूस वाईट नाही. त्याचंही ऐकून घेते. मागे एक जण खोट्या कागदांवर लागला, तांब्याची वायर घेऊन पळाला, नुकसान ठेकेदाराच्या बिलातून कापलं. एकदा अपघात झाला तर घरच्यांचा नंबर कुणाकडेच नव्हता. ईएसआयचं कार्ड काढायला कुटुंबाची माहिती लागते, पीएफला वारस लागतो. "आधीच घेऊन ठेवलं की धावपळ होत नाही," तो म्हणतो. त्याची प्रत्येक गरज खरी आहे. पण त्यातली एकही गरज निवड होण्याआधीची नाही.

मी त्याला नवा कायदा समजावते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ११ ऑगस्ट २०२३ ला झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून अंगावर येतात. कागदावरचा नुसता अर्ज या कायद्याखाली येत नाही. पण तो स्कॅन झाला, की येतो. म्हणजे आत्ता माझ्या मशीनवर तो गठ्ठा ठेवला तर हे सगळे अर्ज डिजिटल विदा होतात. पुढच्या वर्षी यांतल्या प्रत्येक माणसाचं उत्तर ठेकेदाराला द्यावं लागेल: ही माहिती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवणार, काम झाल्यावर पुसली का. ती नीट न सांभाळल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

"कामगाराची संमती लागत नाही म्हणे," तो म्हणतो. त्याला कुणीतरी अर्धवट सांगितलंय. नोकरीच्या कारणांसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल, तर कर्मचाऱ्याच्या वेगळ्या संमतीची अट कायद्याच्या सातव्या कलमात शिथिल केलीय. पण ते कर्मचाऱ्याचं झालं. गेटवरून परत गेलेली माणसं याची कर्मचारी कधी झालीच नाहीत. त्यांची माहिती त्या सवलतीत बसवणं अवघड आहे. त्यांच्याकडून घ्यायची तर आधी सूचना द्यावी लागेल, मराठीत मागितली तर मराठीत, आणि संमती मोकळेपणाने दिलेली हवी. कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती संमती धरली जाते. सकाळच्या फिटरने विचारलं होतं, बाकीच्यांनी दिलं तर काय करू. अशा रांगेत दिलेल्या संमतीला मोकळी म्हणायचं का, हा प्रश्न उद्या कुणीतरी नक्की उभा करेल.

आम्ही दोघं बसून त्याचा फॉर्म फोडतो. पहिला अर्ध्या पानाचा: नाव, फोन, शिक्षण, अनुभव, कोणती पाळी जमेल. दुसरा निवडीनंतरचा: आधार, बँक, वारस, घरचा नंबर, रक्तगट. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, विवाहित की अविवाहित हे पहिल्या फॉर्ममधून जातात. नाकारलेल्यांचे अर्ज मी स्कॅन करत नाही. "हे ज्याचे त्याला परत द्या, नाहीतर फाडा. रद्दीत घालू नका." आधार, सही आणि फोटो एका ठिकाणी सापडले की दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड नि कर्ज काढणाऱ्याला आणखी काय हवं?

तो मान हलवतो. कटकट कमी झाली, झेरॉक्सचा खर्चही वाचला, हे त्याला पटतं. हक्काची भाषा ज्याला जड जाते त्याला बिलाची भाषा कळते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

संध्याकाळी ५.१५

पाथर्डीकडचा एक मुकादम थांबतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याच्याकडे कोयत्यांच्या आधारच्या प्रती आहेत. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, हजेरी जोडीची लागते. एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला टोळीत सहसा कुणी घेत नाही. इथली पसंती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिला कुठला छापील फॉर्मही लागत नाही.

मजुराच्या अंगापर्यंत मालकाची पसंती कशी पोहोचते याचं सर्वांत भयंकर उदाहरण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं आहे. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड कापला जातो, म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी गर्भाशयच काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या पाहणीत ८२ हजार ३०९ बायकांची विचारपूस झाली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. यामागे चुकीचे वैद्यकीय सल्ले होते, दुखण्याची भीती होती, फडात संडास नव्हते. पण 'हिच्यामुळे खाडा पडणार नाही ना' हा हिशेबही होता. बाईची पाळी हा मुकादमाच्या वहीतला रकाना झाला, तिथून हे सुरू झालं.

मी मुकादमाला दोन गोष्टी सांगते. आधारची प्रत तुझ्या पिशवीत ठेवू नको; ज्याचं कार्ड त्याच्याकडे राहू दे, कारण प्रत हातात ठेवून माणूस बांधून ठेवता येतो, असं पुष्कळांना वाटतं. आणि बायकांना चार दिवस जड जात असेल तर खाडा लावू नको. पहिली गोष्ट तो मान्य करतो. दुसरीवर गप्प राहतो. कारखान्याने दर वाढवून दिल्याशिवाय त्याच्याही हातात फार काही नाही, हे खरं आहे. म्हणून हे कारखान्याच्या करारातच यायला हवं.

संध्याकाळी ७.३०

आता सुटून आलेली माणसं येतात. नोकरी लागली म्हणजे विचारपूस संपली असं होत नाही. एकीला कंपनीने हजेरीचं ॲप टाकायला लावलंय. ते लोकेशन मागतं, कॅमेरा मागतं आणि फोनमधले सगळे नंबरही मागतं. "नाही दिलं तर हजेरी लागत नाही, ताई."

लोकेशन कामाच्या वेळेपुरतं, चेहऱ्याचा फोटो हजेरीपुरता, इथवर समजू शकते. नणंदेचा नंबर कशाला? २०२३ च्या कायद्यात याच्यासारखंच उदाहरण दिलंय. दूरवैद्यक सेवेच्या ॲपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि माणसाने हो म्हटलं, तरी त्या सेवेला यादी लागत नसल्याने ती संमती तेवढ्यापुरती धरायची नाही. मी तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी बंद करते. हजेरी तरीही लागते. तिच्यामागे उभ्या असलेल्या दोघी आपापले फोन पुढे करतात.

दुसरा एक जण विचारतो, जुन्या कंपनीने नव्या कंपनीला माझ्या आजारपणाच्या रजा सांगितल्या, हे चालतं का? युरोपात कामगारांच्या आजाराच्या नुसत्या नोंदी ठेवण्याचीही किंमत मोजावी लागली आहे. जर्मनीत न्युरेंबर्गच्या केंद्रात एच अँड एम कंपनीचे अधिकारी रजेवरून परतलेल्या कामगारांशी गप्पा मारायचे आणि आजार, घरची भांडणं, धार्मिक श्रद्धा यांच्या नोंदी करून ठेवायचे. २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या विदा संरक्षण अधिकाऱ्याने कंपनीला सुमारे साडेतीन कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे तक्रारीची जागा आता तयार होतेय. कायदा पूर्ण लागू झाला, की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे हे विचारण्याचा, चुकीची दुरुस्त करून घेण्याचा आणि नको ती पुसायला लावण्याचा हक्क या माणसाला मिळेल. त्याने आतापासून रजेचे कागद, मेसेज आणि तारखा जपून ठेवाव्यात, एवढं मी सांगते.

रात्री ९.००

गर्दी आता देवीच्या वाटेवर आहे, दुकानात कुणी नाही. दिवसभरात माझ्या मोबाइलवर आलेले आधार, पॅन, पासबुकांचे फोटो मी पुसते. संगणकातल्या स्कॅन केलेल्या फायली पुसते, रिसायकल बिनही रिकामा करते. बिघडलेल्या झेरॉक्स हाताने बारीक फाडते. माहितीबद्दल मी दुसऱ्यांना जो नियम सांगते, त्याच नियमाने मलाही वागायला हवं. झेरॉक्स, सेतू आणि सायबर कॅफेच्या दुकानांतून जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक माणसांची ओळख फिरत असेल.

मग उद्यासाठी एक कागद टाइप करते. तो काचेवर लावायचा आहे, ठेकेदारांनाही द्यायचा आहे.

मुलाखतीला: शिक्षण, अनुभव, ओळखीचा एक पुरावा. निवडीनंतर: आधार, बँक, पीएफ आणि ईएसआयची माहिती. तपासणी कामाला लागेल तेवढीच, एचआयव्हीची नाही. जात, धर्म, गाव, लग्न, मूल, पाळी: पहिल्या अर्जात कुठेही नाही. निवड झाली नाही तर कागद परत.

याला सरकारी शिक्का नाही, पण यातल्या बहुतेक ओळींमागे कायदा किंवा न्यायालयाचा निकाल उभा आहे. मालकाला चांगला फिटर, चांगला हिशेबनीस, भरवशाचा रक्षक हवा असतो आणि तो निवडण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. फिटरला यंत्रावर उभं करा, हिशेबनीसाला टॅलीवर बसवा, रक्षकाची पडताळणी करा. तेवढ्याने कळेल ते खरं कळेल. बाकीचे रकाने खोडायला मे २०२७ ची वाट बघायची गरज नाही. उद्या सकाळी नऊच्या मुलाखतीसाठी जो अर्ज छापायला येईल, त्यातूनच सुरुवात करता येते.